भेग भरलेला हिरा

हिरा पारखायला मी शिकले, त्या वर्षी आमच्या हडपसरच्या घरातली दोन दारं मोडली होती. एक न्हाणीघराचं, दुसरं मधल्या खोलीचं. दोन्ही दादानं लाथा घालून मोडली आणि दोन्ही वेळा आतून कडी लावून वहिनी बसलेली होती. सुतार आला, बिजागऱ्या बदलल्या, चहा पिऊन गेला. दार कसं मोडलं, हे त्यानं विचारलं नाही. आमच्या आळीत कुणी विचारत नसे.

आमचं रान तेव्हा नुकतंच गेलं होतं. वडील वारल्यावर दादानं काही वर्षं ऊस आणि भाजीपाला केला, मग आजूबाजूला सगळ्यांनीच जमिनी दिल्या तशी आमचीही बिल्डरला दिली. दारात जीप आली, घरावर मजला चढला आणि दादाला सकाळी उठून करायला काही उरलं नाही. पहाटे चारला पाण्याची पाळी धरणारा माणूस आता नऊ वाजता उठायचा आणि उठल्यापासून चिडलेला असायचा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वडिलांचा हात आईवर चालायचा. तेव्हा दादा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो आईच्या पुढे उभा राहायचा आणि तिच्या वाटचा मार स्वतः खायचा. वडिलांनी एकदा त्याला बैलाच्या कासऱ्यानं मारलं, त्याच्या पाठीवरचे वळ मी मोजले होते. त्यामुळे दादा म्हणजे आमच्या बाजूनं उभा राहणारा माणूस, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की त्यानं वहिनीला मारलं तरी मी त्याला दुसरं काहीतरी नाव द्यायचे. दादाचं डोकं फिरलं. दादाला त्रास होतो. वहिनीनं गप्प बसायला हवं होतं.

एका सकाळी भाकरी करपली म्हणून त्यानं ताट भिरकावलं. ताटाची कड वहिनीच्या कानामागे लागली. रक्त मानेवरून पोलक्यात उतरलं. मी कापूस आणला, हळद दाबली आणि तिला म्हटलं, "धरून ठेव." मग पर्स उचलून बसस्टॉपकडे धावले. बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते.

बी.एस्सी. करून मी लक्ष्मी रोडवरच्या एका सराफी दुकानात लागले होते. खाली सोन्याची गर्दी असायची. वरच्या माळ्यावर उत्तरेच्या खिडकीशी लांब टेबल होतं, तिथे हिऱ्यांचं काम चालायचं. ते टेबल चाचांचं. भवानी पेठेतल्या त्यांच्या मुसलमान घरात तीन पिढ्या खडे बसवण्याचं आणि पारखण्याचं काम होतं. त्यांची नजर इतकी बसलेली की मालकसुद्धा त्यांच्या शब्दापुढे बोलत नसत. मला त्यांनी पहिले तीन महिने भिंगाला हात लावू दिला नाही.

"आधी नुसत्या डोळ्यांनी बघ," ते म्हणायचे. "आणि चमक बघू नकोस. चमक शेवटी. दोष शोध. चमक आधी बघितलीस की डोळे लाच खातात."

पांढरा कागद मधोमध दुमडायचा आणि त्या घडीत हिरा पालथा ठेवायचा. पिवळेपणा असला तर तो तसा ठेवल्यावरच कळतो, उताणा असताना चमक त्याला झाकून टाकते. मग घाट बघायचा. हिऱ्याचं खालचं निमुळतं पोट उथळ असलं की उजेड खालून गळून जातो, फार खोल असलं की मधोमध काळोख बसतो. मग चिमट्यात धरून दहापट भिंगाखाली आत शिरायचं. काळा ठिपका, पांढरा ढग, पिसासारखी भेग. ठिपक्यानं हिऱ्याचं काही बिघडत नाही. भेग कडेपर्यंत आलेली असली तर मात्र तो हिरा अंगठीत घालू नये, कारण अंगठीचा हात दिवसभर कशा ना कशावर आपटत असतो. हे सगळं झालं की वजन. बहुतेक गिऱ्हाइकं वजनापासूनच सुरुवात करतात.

पारखलेला प्रत्येक खडा कागदाच्या पुडीत जायचा आणि पुडीवर त्याचा रंग, घाट, दोष पेन्सिलीनं लिहायचे. वर्षभरानं चाचांनी ती पेन्सिल माझ्या हातात दिली.

माझं लग्न वाघोलीला ठरलं. त्यांचीही जमीन गेली होती. मुलगा धाकटा, खोदाईची यंत्रं भाड्यानं द्यायचा, बोलायला मऊ. बघायला आला तेव्हा वर मान करून बोलला नाही, म्हणून आईला फार आवडला. मलाही आवडला. आमच्या दोन्ही घरांत साखरपुड्याला सोन्याची अंगठी घालायची रीत. तो म्हणाला, हिऱ्याची करू. "तूच निवड. तुझंच काम आहे ते."

त्या आठवड्यात मी किती आनंदात होते, ते आता सांगायला लाज वाटते. चाचा आणि मी एकेक पुडी उघडून बसायचो. शेवटी मी चाळीस सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटपेक्षाही लहान, एक हिरा काढला. भिंगाखाली कडेला एक बारीक ठिपका सोडला तर आत काही नव्हतं. घाट असा की खिडकीपासून लांब नेला तरी जिवंत राहायचा. चाचांनी तो दोन वेळा बघितला आणि नुसती मान डोलावली.

हिरा बघायला तो वाघोलीहून आला. मी कागदावर ठेवून दाखवला.

"एवढाच?"

"मोठा घेतला तर मग आत दोष येतात. हा फार चांगला आहे."

"लांबून दिसणार काय? आमच्याकडची दोन हजार माणसं येणार."

"तुम्ही भिंगातून तरी बघा ना."

टेबलाखाली त्यानं माझी करंगळी धरली. चाचा समोरच बसले होते. तो हसत त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत राहिला आणि माझी करंगळी मागे वाकवत गेला. हळूहळू, मोटारीचा गियर टाकावा तशी. सांध्यात कट् झालं तेव्हा सोडली. मी आवाज केला नाही. दुसऱ्या दिवशी करंगळी सुजून काळीनिळी झाली. घरी मी सांगितलं, दुकानाच्या शटरमध्ये सापडली. वहिनीनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गरम पाणी करून आणलं.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं. खरं आहे. पण पत्रिका छापून आल्या होत्या, आणि ज्या घरात दारं मोडतात त्या घरातल्या मुलीला एक करंगळी फार मोठी वाटत नाही.

साखरपुड्याच्या आधीच्या सोमवारी तो हडपसरला आला. सोमवारी आमचं दुकान बंद असायचं. आई पत्रिका वाटायला फुरसुंगीला गेली होती, दादा बाहेर होता. वहिनी स्वयंपाकघरात होती आणि तिची चार वर्षांची मुलगी ओसरीवर खेळत होती. त्यानं खिशातून मखमली डबी काढली. आत अंगठी. हिरा सव्वा कॅरेटचा तरी असेल. मुंबईतल्या कुणाच्या तरी ओळखीनं आणला होता.

"आता बोल," तो म्हणाला.

अंगणात ऊन चांगलं होतं. मी भिंग आणलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला मनापासून वाटलं, हा चांगला निघू दे. पहिल्यांदा तो चांगलाच दिसला. मग मी अंगठी जरा तिरकी केली आणि हिऱ्याच्या आत, मधोमध, जांभळी झाक चमकून गेली. परत हलवली, तशी त्याच जागी केशरी. चाचांनी असा खडा मला एकदाच दाखवला होता. आत मोठी भेग असते, तिच्यात काचेसारखं काहीतरी भरतात, मग ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सोनाराची आच लागली की भरलेलं वितळतं आणि भेग उघडी पडते.

मी हळूच सांगितलं. खोटं सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं का, याचा मी पुढे कित्येक वर्षं विचार केला.

"म्हणजे मी खोटा माल आणला?"

"खोटा नाही. हिरा खराच आहे. पण भेग भरलेली आहे. ज्यांच्याकडून आणलात त्यांना परत करता येईल. मी चाचांना घेऊन..."

"तुझ्या त्या म्हाताऱ्याला सांगणार तू? सगळ्या लक्ष्मी रोडला सांगणार?"

त्यानं अंगठी माझ्या हातातून ओढली, स्वतःच्या करंगळीत अर्धी अडकवली आणि मूठ वळून मला मारलं. हिरा धरून ठेवणारे सोन्याचे काटे माझ्या उजव्या गालाच्या हाडापासून ओठापर्यंत ओढत आले. आधी दुखलं नाही, फक्त गरम वाटलं. दुसरा ठोसा कानावर बसला. मग त्यानं माझे केस धरले आणि डोकं ओसरीच्या खांबावर आपटलं. एकदा, परत एकदा. तो ओरडत नव्हता. आला तेव्हा होता तितक्याच मऊ आवाजात म्हणत होता, "मला शिकवतेस. मला शिकवतेस."

वहिनी पोरीला उचलून आत पळाली आणि लगेच एकटीच बाहेर आली. तेवढ्यात जीप फाटकात शिरली.

दादानं काय झालं ते विचारलं नाही. इंजिन चालू ठेवून तो उतरला, वाघोलीवाल्याला मानगुटीला धरून माझ्यापासून ओढून काढलं आणि अंगणात फेकलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मला सोडवलं याचा मला इतका आनंद झाला की मी रक्त पुसायचं विसरले. दादानं त्याच्या तोंडावर चार-पाच ठोसे घातले. तो गुडघ्यावर आला, हात जोडले. "दादा, चुकलं. पाया पडतो." दात तुटले होते, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते.

दादा वळून भिंतीकडे गेला. मला वाटलं, संपलं. भिंतीला जुनी हत्यारं टेकवलेली होती, रान गेल्यावर ती कुणी हलवली नव्हती. त्यानं कुदळीचा सुटा दांडा घेतला आणि परत आला.

पहिला घाव पाठीवर. तो आडवा झाला. मग दादानं त्याचा उजवा हात पायरीच्या दगडावर ओढून ठेवला, मनगटावर पाय दिला आणि दांडा घातला. मोडण्याचा आवाज मी ऐकला. परत घातला. मी दादाचा दंड धरला, "दादा, सोड, मरेल तो," म्हटलं. त्यानं मला झटकलं तशी मी तुळशीजवळ जाऊन पडले. पडल्या जागेवरून मला दादाचा चेहरा दिसला. तो चिडलेला नव्हता. एखादं काम पुरं करताना असतो तसा चेहरा होता. वडिलांचा तो चेहरा मी लहानपणी अंथरुणातून बघितलेला होता.

वहिनी दाराशी उभी होती, पदर तोंडात धरून. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "खाली पडल्याव थांबत न्हाईत त्ये. खाली पडल्याव जास्तीच मारत्यात."

एखाद्या गड्याची सवय सांगावी तसं ती बोलली.

पुढचा घाव त्याच्या डोळ्यावर बसला. मग शेजारची माणसं आत आली आणि चौघांनी मिळून दादाला धरलं.

तो जगला. उजवा हात कामातून गेला, डावा डोळा कायमचा गेला. मला गालाला अकरा टाके पडले. सरकारी दवाखान्यात हवालदार जबाब लिहायला आले तेव्हा माझं तोंड सुजलेलं होतं, बोलता येत नव्हतं. चुलत्यांनीच सांगितलं आणि हवालदारांनी लिहिलं. दांडा म्हणे वाघोलीवाल्यानंच उचलला होता, बहिणीला वाचवताना झटापट झाली, त्यात तो पायरीवर पडला. मला कागद दिला. मी वाचला आणि सही केली.

दोन दिवसांनी वाघोलीहून तीन जीपगाड्या आल्या. त्यांनी आमच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या, जीप पेटवली आणि चुलत्याचा खांदा निखळवला. आमच्याकडची पोरं सळया घेऊन त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावली. महिनाभर आमच्या दारात पोलीस बसून होते. गावात मात्र दादाला मान मिळाला. दुकानात, देवळात, सलूनमध्ये लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. बायका माझा गाल बघायच्या आणि म्हणायच्या, नशीबवान आहेस. दादाला जामीन मिळाला त्या दिवशी फटाके वाजले.

टाके काढल्यावर मी कामावर गेले. चाचांनी माझ्या गालाकडे एकदाच बघितलं आणि पुड्यांचा ट्रे पुढे सरकवला. आठवड्यानं त्यांनी एक पुडी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर माझ्या अक्षरात 'स्वच्छ' लिहिलं होतं. आत साठ सेंटचा खडा, आणि कडेपर्यंत आलेली सरळ भेग. शिकाऊ माणसालाही दिसेल अशी.

"लक्ष नव्हतं, चाचा."

"ते मला माहीत आहे बेटा. पण पुडी घेणारा तुझं लक्ष बघत नाही. तो अक्षर बघतो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खाली पाडव्याच्या गिऱ्हाइकांची गर्दी होती, जिन्यावरून माणसं येत-जात होती आणि मी पहिल्यांदा कुणाला तरी दांडा खरा कुणी उचलला ते सांगत होते. मी काय करू, असं विचारलं. चाचांनी भिंग पुसलं, बराच वेळ पुसलं.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी बघितलेलं नाही. तू बघितलंस."

मला राग आला. त्यांनी काहीतरी एक सांगायला हवं होतं, असं वाटलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी परत बोलले नाही.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. तोवर मी त्याच घरात राहिले. पहिले सहा महिने दादा शांत होता. मग कोर्टाची तारीख आली की त्याच्या आदल्या दिवशी घरात काहीतरी फुटायचं. एकदा त्यानं वहिनीला जिन्यावरून ढकललं. तिचं मनगट मोडलं. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीपाशी फॉर्म दिला, त्यात दुखापतीचं कारण लिहायचं होतं. वहिनीला लिहिता येत होतं, पण मोडलेला हात उजवाच. मी पेन घेतलं आणि लिहिलं, पाय घसरून.

लिहून झाल्यावर तो फॉर्म माझ्या हातातून सुटेना. खिडकीतली बाई म्हणाली, "द्या ना बाई, मागे लाइन आहे." वहिनी शेजारी मनगट छातीशी धरून उभी होती. तिनं काय लिहिलंय ते वाचलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी फॉर्म दिला. पण त्याच दुपारी, प्लास्टर सुकायची वाट बघत बाकावर बसलेली असताना, साक्षीत काय सांगायचं ते माझं ठरलं.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"उद्या घाबरू नगस," तो म्हणाला. "लिवलंय तेवढंच सांगायचं."

"दादा, तो खाली पडला होता. हात जोडले होते त्यानं."

त्यानं पलंगावरची चादर हातानं सारखी केली. मग म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं म्या."

"माहीत आहे."

"मग?"

तो आमच्यासाठी मार खाणारा दादा होता, हेही खरं होतं. मी रडायला लागले. त्याला वाटलं, मी भ्याले. डोक्यावर हात ठेवून तो गेला.

शिवाजीनगरच्या कोर्टात सरकारी वकिलांनी मला अंगठी दाखवली. कापडी पिशवीत लाखेनं मोहोर केलेली. काट्यांच्या खाचेत काळं काहीतरी अजून होतं. ते माझं रक्त असावं. मी ओळखली. मग काय घडलं ते विचारलं आणि मी सांगितलं. त्यानं मला मारलं ते सगळं सांगितलं. दादानं मला सोडवलं ते सांगितलं. आणि तो गुडघ्यावर असताना दादा भिंतीपाशी गेला, दांडा घेऊन आला, तेही सांगितलं.

मागच्या बाकांवर आमची तीसेक माणसं होती.

दादाचे वकील उठले. सदाशिव पेठेतले, चष्मा नाकावर.

"बाई, आपण हिरे पारखता म्हणे."

"हो."

"म्हणजे आपली नजर फार तीक्ष्ण. मग पोलिसांपुढचा हा जबाब आपण वाचून सही केलीत, की चमक बघून?"

लोक हसले.

"वाचून केली. तो जबाब खोटा आहे."

"आणि आजचा खरा, असं आम्ही कशावरून समजायचं?"

"आजचा मी स्वतः सांगतेय. तो दुसऱ्यांनी सांगितला होता."

"सख्खा भाऊ तुरुंगात जाईल, हे आपल्याला समजतंय ना?"

"समजतंय."

ते खाली बसले. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

बाहेर व्हरांड्यात वाघोलीचा तो उभा होता. काळा चष्मा, उजवा हात शर्टाच्या खिशात. तो जवळ आला तशी मी भिंतीला टेकले. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "खरंच भेग होती त्यात?"

"होती."

तो जिन्याकडे गेला. मला मारल्याबद्दल त्यालाही पुढे शिक्षा झाली, थोडीशी. जन्मभराची तर आमच्या अंगणातच झाली होती.

मग आई आली. तिनं माझ्या उजव्या गालावर, वणावरच, थोबाडीत मारली. वडिलांचा मार खाल्लेली बाई. तिचा हात कुणावर उठलेला मी कधी बघितला नव्हता. मारल्यावर ती स्वतःच भेदरली आणि हात पदरात लपवला. "घरी येऊ नगस," म्हणाली.

मी गेले नाही. कर्वेनगरला नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका घरात मला कॉट मिळाली. दादाला पाच वर्षांची शिक्षा झाली, तो येरवड्याला गेला. त्या आठवड्यात चाचांनी दुपारचा डबा दोघांचा आणायला सुरुवात केली. सहा महिन्यांनी मी तिथेच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. कामावर मी आता लग्न ठरलेल्या जोडप्यांना खडे दाखवायचे. मुलगी गप्प असली आणि मुलगाच बोलत असला की मी भिंग आधी मुलीच्या हातात द्यायचे आणि तिचं बघून होईपर्यंत परत घ्यायचे नाही. काही मुलांना ते आवडायचं नाही. एकानं ट्रे उलटा केला होता. चाचा आणि मी अर्धा तास जमिनीवर रांगत खडे गोळा केले.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर वहिनी. पोरगी आता आठ वर्षांची, पाठीवर दप्तर. हातात एक बॅग आणि शिलाईयंत्राचं नुसतं डोकं, पोत्यात गुंडाळलेलं.

"चुलतसासरे म्हनत्यात, तूच फितवलीस ननंदेला," ती म्हणाली. "काल त्यांनी हात उचलला. म्या म्हनलं, ह्यांच्याबी हातचा खायाचा असंल तर कशाला ऱ्हायाचं?"

"आत ये."

"ताई, तुमी त्या दिवशी कोर्टात माझं सांगितलं न्हाई. मनगटाचं."

"कुणी विचारलं नाही गं."

"विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं."

तिनं मान हलवली आणि यंत्राचं डोकं दारात खाली ठेवलं. माझ्या एकटीच्यानं ते उचललं गेलं नाही, म्हणून आम्ही दोघींनी मिळून आत नेलं.

तेव्हापासून आम्ही तिघी एकत्र राहिलो. वहिनी ब्लाउज शिवायची, पुढे तिनं हाताखाली दोघी ठेवल्या. मला मागण्या आल्या, एक-दोन बऱ्याही होत्या. पण कुणी नुसता घसा साफ केला तरी माझे खांदे वर जायचे, म्हणून मी नाही म्हटलं. आई शेवटच्या आजारात आमच्याकडे आली आणि माझ्या हातचं जेवली. थोबाडीचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

दादा साडेतीन वर्षांनी सुटला. कर्वेनगरला आला तो एका दुपारी. बारीक झाला होता, गालफडं बसलेली. वहिनीनं आतलं दार उघडलं, बाहेरची जाळी उघडली नाही. मी तिच्या मागे उभी होते. कुणी दार वाजवलं की पोरगी आतल्या खोलीची कडी लावायची. तशी तिनं लावली. तो आवाज दादानंही ऐकला.

"पोरीला बघायचंय," तो म्हणाला.

"ती न्हाई म्हनती."

"तिला इचार तरी."

"इचारलंय. तुमी सुटायच्या आदीच इचारून ठिवलंय."

दादानं जाळीवर मूठ आपटली. एकदाच. सगळी चौकट हादरली. मी मागे सरकले. वहिनी सरकली नाही. तिनं नुसतं त्याच्या मुठीकडे बघितलं, इतका वेळ की त्यालाही स्वतःच्या मुठीकडे बघावं लागलं. ती जाळीत अडकून खरचटली होती. त्यानं ती सोडवली, मागे झाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. पाणी मागितलं. वहिनीनं जाळीच्या फटीतून तांब्या जाईना म्हणून प्लास्टिकची बाटली दिली.

पाणी पिऊन त्यानं बाटली पायरीवर नीट उभी ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाला, "गाल बरा दिसतोय आता." आणि खाली उतरून गेला.

वहिनी आतल्या दाराशी गेली आणि पोरीला म्हणाली, "गेले. काढ कडी. क्लासला उशीर व्हतोय."